मदत हवी आहे: वर्गात चेहऱ्यावरून चिडवणं, आणि स्टाफरूममधलं हसणं

पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. यंदा आठवीचा वर्ग माझ्याकडे आहे. जूनमध्ये वर्गात नागालँडची एक मुलगी आली. वडील सैन्यात, बदलीमुळे पुण्यात. इंग्रजी वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगलं. हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, त्यामुळे मराठीही भराभर उचलते आहे. फक्त ‘ळ’पाशी अडते.

पहिल्या महिन्यातच ‘मोमो’ सुरू झालं, मग ‘चायना’. डबा उघडला की मागच्या बाकावरून माना पुढे येतात, ‘कुत्रा आहे का गं?’ विचारतात आणि फिदीफिदी हसतात. दोघांना उभं करून सॉरी म्हणायला लावलं. म्हणाले, अगदी एका सुरात. दुसऱ्या दिवसापासून तेच चालू, फक्त आवाज खाली गेला.

पोरांचं एक वेळ बघून घेईन, खरी पंचाईत स्टाफरूममध्ये आहे. आमचे एक ज्येष्ठ सर हजेरी घेताना तिच्या नावाशी आले की ‘नागालँड’ म्हणतात. ती ‘प्रेझेंट सर’ म्हणते. वर्ग हसतो, सरही हसतात. मनाने वाईट नाहीत. तिला फुटबॉलच्या संघात घ्या म्हणून पीटीच्या सरांच्या मागे लागले होते तेही हेच. (तिला फुटबॉल अजिबात येत नाही. गणित येतं.) दुसऱ्या एका बाईंनी वर्णनात्मक नोंदीत लिहिलंय, ‘अबोल, वर्गात मिसळत नाही.’

मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं. त्यांनी उत्साहाने ‘ईशान्य भारत दिन’ सुचवला. मुलीने पारंपरिक वेशात नाच करायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मुलगी मला एकटीला गाठून म्हणाली, ‘मिस, प्लीज, असेंब्लीत काही नको.’

तर भर वर्गात असं काही कानावर पडलं की त्या क्षणी नेमकं काय बोलायचं? वीस वर्षं सीनियर असलेल्या सरांना कसं सांगायचं? आणि तिला मध्यभागी उभं न करता हा विषय वर्गात काढता येतो का? शिक्षक मंडळींनी अनुभव सांगावेत.

ठाणेकर

फार मनावर घेऊ नका. पोरं चिडवतातच. मला चष्म्यामुळे दहावीपर्यंत ‘ढापण्या’ म्हणायचे, काही बिघडलं नाही.

खडूफळा

ठाणेकर, ढापण्याला कुणी ‘तू मूळचा कुठला’ विचारत नाही, खोली भाड्याने द्यायलाही नाही म्हणत नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून दुकानात टवाळी झाली, त्यातून भांडण, मारहाण आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती अभ्यासक्रमात आणा, अशीही शिफारस त्यात होती. म्हणजे हा विषय शाळेचाच आहे, असं सरकारी समितीनेच म्हणून ठेवलंय.

आणि पुण्याने हात झटकू नयेत. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवांमुळे इथून आणि बंगळुरूहून गाड्या भरभरून ही मुलं गावी परतली होती.

ताई, मुख्याध्यापिका ऐकत नसतील तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा. शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही त्यात बंदी आहे. आठवी त्या कायद्यात बसते.

सह्याद्री

मुलांना कारगिल सांगा. नागालँडचे कॅप्टन केंगुरुसे १९९९ मध्ये द्रासच्या कड्यावर बूट काढून अनवाणी चढले, तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. पुन्हा ‘चायना’ म्हणायची हिंमत होणार नाही.

ऐझॉलची सून

माझे यजमान मिझो, मी सदाशिव पेठेतली, मुलगा पुण्यातच शिकला. सह्याद्री, तुमचा हेतू समजतो. पण माझ्या मुलाला प्रत्येक वेळी कुणीतरी असाच एखादा शूरवीर काढून ‘बघा, हाही आपलाच’ म्हणून सोडवायचं. त्याला ते चिडवण्याइतकंच अंगावर यायचं. डबा सुखाने खाता यावा म्हणून तेरा वर्षांच्या पोरीने हौतात्म्याचा दाखला का आणायचा? आणि उद्या वर्गात खरोखरच चिनी किंवा नायजेरियन मूल आलं तर? पुण्यात आफ्रिकेतून आलेली कुटुंबं आहेत की. ‘ती चिनी नाही, भारतीय आहे’ एवढंच सांगितलं की पोरं काय शिकतात? चिनी असती तर चाललं असतं.

त्याला एका बाईंचा फार आधार वाटला. त्यांनी भाषण कधीच दिलं नाही. तसं काही कानावर आलं की हातातला खडू थांबायचा. ‘चेहऱ्यावरून नाव ठेवायचं नाही, माझ्या वर्गात हे चालणार नाही,’ एवढंच बोलून पुन्हा फळ्याकडे. दर वेळी हेच वाक्य, ह्याच आवाजात, मग बोलणारा पहिला नंबरवाला असो की ट्रस्टींचा नातू. माझ्या मुलाकडे त्या बघायच्याही नाहीत, आणि तेच त्याला आवडायचं. नंतर चिडवणाऱ्या पोराला एकट्याला बोलवून विचारायच्या, ‘हे कुठून ऐकलंस?’ बहुतेक वेळा उत्तर घरचंच निघायचं.

नाचाचं मात्र कृपा करून टाळा. तिने तोंडाने नाही म्हटलंय.

जर्सीतली मास्तरीण

न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकवते. तुमच्या वर्णनात्मक नोंदीवर मी जास्त वेळ घालवीन, कारण टोमणा निदान ऐकू तरी येतो. इथे २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दीड हजारांहून जास्त शिक्षकांना दुसरीतल्या मुलाच्या लेखनाचा नमुना तपासायला दिला. फरक एकच. काहींच्या प्रतीत लिहिणाऱ्याच्या भावाचं नाव डेशॉन (ऐकताच काळ्या कुटुंबातलं वाटेल असं), काहींच्या कॉनर. ‘इयत्तेच्या मानाने कसं आहे’ असं ढोबळ विचारलं तेव्हा डेशॉनवाल्या प्रतीला कमी लेखलं गेलं. निकष एकेक करून लिहून दिले तेव्हा तसा फरक आढळला नाही. म्हणजे माणसांची मनं बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, आधी कागद बदला. तोंडी परीक्षेला निकष छापून द्या. नोंदीत ‘मिसळत नाही’ऐवजी काय पाहिलं ते लिहायला लावा: ‘गटकामात तिला कुणी घेतलं नाही.’ मग नोंद कुणाबद्दल आहे तेही कळेल.

सरांना स्टाफरूममध्ये चारचौघांत बोलू नका, माणूस हट्टाला पेटतो. चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणा, ‘सर, तिचं नाव मी तिच्याकडून नीट म्हणायला शिकले, तुम्हालाही सांगते.’ आरोप नाही, त्यामुळे बचावालाही जागा उरत नाही.

आता कुणीतरी निळ्या-तपकिरी डोळ्यांचा खेळ सुचवेलच, म्हणून आधीच लिहिते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिल १९६८ मध्ये, आयोवातल्या रायसव्हिल गावी जेन एलियट बाईंनी डोळ्यांच्या रंगावरून तिसरीच्या वर्गाचे दोन गट पाडून, एकाला वरचं आणि दुसऱ्याला खालचं वागवून तो केला, भेदभाव कसा वाटतो ते मुलांना कळावं म्हणून. वर्गातली सगळी मुलं गोरी होती. तुमच्या वर्गात जिला रोजच भोगावं लागतं अशी मुलगी बसली आहे. व्हिडिओ बघून असले प्रयोग करू नयेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ठाणेकर, तुमचेही, कारण पालकसभेत पहिला मुद्दा हाच येणार आहे, आता उत्तर तयार आहे.

‘चिनी असती तर’ हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. ऐझॉलची सून, तुमच्या त्या बाईंचं वाक्य मी जसंच्या तसं उचलते आहे. नाचाचं मुख्याध्यापिकांना आज स्पष्ट नाही सांगितलं, थोड्या नाराज झाल्या. एनसीईआरटीचं ईशान्य भारतावरचं पूरक पुस्तक ग्रंथालयात मागवायला मात्र लगेच हो म्हणाल्या. ते समाजशास्त्राच्या तासाला सगळ्यांसाठी वापरता येईल. सरांना गाठायचं अजून बाकी आहे.

जर्सीतली मास्तरीण, सहामाहीच्या तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहेत. मराठी संभाषणासाठी निकष कसे पाडायचे? उच्चाराला वेगळे गुण ठेवले तर ‘ळ’वर तिचे जातील, न ठेवावेत तर बाकीचे पालक विचारतील. कुणाकडे तयार तक्ता असेल तर इथेच टाका.