पोटगी आणि खावटी एकच का?

तापीकाठ:
मावशीबरोबर तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो, वकिलांच्या कागदावर ‘पोटगीचा अर्ज’ आणि मावशी भेटेल त्याला सांगतेय ‘मनी खावटीनी केस चालू शे’. दोन शब्दांत काही फरक आहे का? आणि फारकती झाल्याशिवाय खावटी मिळत नाही असं गावात सगळेच म्हणतात, ते खरंय का?

दादरची भाकर:
दादा अर्थ एकच, पोटगी कागदावरचा शब्द आणि खावटी आपल्या तोंडातला. फक्त तिकडे अक्कलकुवा-धडगावला कोणी ‘खावटी आली का’ विचारलं तर ते आदिवासी विभागाच्या खावटीचं असतं, पावसाळ्यात हाताला काम नसतं अन घरातलं धान्य संपतं तेव्हाची मदत. आधी ते कर्ज होतं, २०२० मध्ये सरकारने अनुदान मंजूर केलं, कुटुंबाला ४००० रुपये, निम्मे खात्यावर अन निम्म्याचा किराणा.

मला खुपतं ते वेगळंच. एका शब्दात पोट, दुसऱ्यात खाणं, म्हणून लोकांना वाटतं दाणे दिले की झालं. माझ्या चुलत बहिणीच्या बैठकीत तिचा नवरा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘दरसाल दोन पोती दादर ज्वारी अन एक पोतं गहू टाकतो ना, आजून कसानी खावटी?’ आणि मोठी माणसं माना डोलवत होती!! बहीण पदराखाली पोरीच्या फीची पावती घट्ट धरून बसलेली, ती बघायला कोणी मागितलीच नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधपाणी असं सरळ लिहिलंय, म्हणून मला ‘निर्वाह’ हाच शब्द बरोबर वाटतो, बोलायला जड असला तरी.

फारकतीचं म्हणाल तर तो गैरसमज आहे. नवरा नांदवत नाही, खर्च देत नाही, तर लग्न कायम असतानाही मागता येते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. केस चालू असेपर्यंत जी मिळते ती अंतरिम पोटगी. म्हातारे आईबापही त्याच कलमात मुलाकडे मागू शकतात, म्हणजे पोटगी हा नुसता नवरा-बायकोचा शब्द नाहीच.

मावशीने खर्चाचं शपथपत्र दिलंय का? सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, खर्च सगळं लिहून द्यावं लागतं, अन रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात.

तापीकाठ:
ताई, मावशीला सगळं वाचून दाखवलं. शपथपत्र दिलंय पण त्यात नुसता किराणाच लिहिलाय, खोलीचं भाडं अन तिच्या बीपीच्या गोळ्या राहूनच गेल्या. म्हणे, ‘माले वाटनं खावटी म्हंजे खावानंच.’ सोमवारी वकिलांकडे पावत्या घेऊन जातोय.