मदत हवी आहे : मसाई पठारावरच्या वनस्पती ओळखायला

नमस्कार मंडळी,

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर आम्ही काही जण धुळीचा अभ्यास करतोय. कच्च्या रस्त्याकडेच्या आणि आत लांबवरच्या, एकाच जातीच्या झाडांची पानं घ्यायची, ती धुऊन धुळीचं वजन करायचं आणि पानाच्या क्षेत्रफळाशी ताडून बघायचं. जात तीच असणं इथं फार महत्त्वाचं, कारण लव असलेल्या पानावर गुळगुळीत पानापेक्षा जास्त धूळ बसते. ओळख चुकली तर सगळी तुलनाच फसते.

सोनकी, तेरडा ओळखता येतात. अडतंय ते कवल्यापाशी. पिवळ्या फुलांच्या कवल्याच्या दोन-तीन जाती शेजारी शेजारी उगवलेल्या दिसतात, फूल नसताना त्या वेगळ्या कशा करायच्या? पानाच्या कडेचे केस बघायचे, की शेंग येईपर्यंत थांबायचं? गेंदाचं, म्हणजे पांढऱ्या गोंड्यासारखी फुलं येणाऱ्या छोट्या वनस्पतीचं, तर विचारूच नका, त्याच्या जाती बिया सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ठरत नाहीत म्हणे, म्हणून तो यादीतून काढलाय. सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतींना हात लावणार नाही, फक्त नोंद.

दुसरं म्हणजे कातळावरचे दगडफूल (लायकेन, बुरशी आणि शैवाल मिळून बनलेलं). त्याला मुळं नसतात, पाणी आणि खनिजं बरीचशी थेट पावसातून नि हवेतून घेतं, म्हणून प्रदूषणाच्या अभ्यासात ते मोलाचं. पण प्रजातीपर्यंत पोचायला कुणीतरी जाणकार पाहिजे.

शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलेलं कुणी इथं आहे का? पाऊस उघडला की एक दिवस आमच्यासोबत पठारावर याल का? तोवर फोटो कुठल्या भागांचे काढू, तेवढं तरी सांगा. जागेचे नेमके तपशील इथं टाकणार नाही, फुलं तुडवली जातात.