मदत हवी आहे: क्लाऊन मासे मजेत, पण गोगलगाई मरताहेत आणि टॉर्च कोरल मिटलाय

घामाघूम
मंडळी, जरा लवकर सांगा. रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ ठेवलेला) घोळ झालाय. टर्बो गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडतात, सरळ केल्या तरी परत चढत नाहीत. क्लीनर श्रिम्प (कोळंबी) कात टाकतानाच गेला. टॉर्च कोरल (दगडी प्रवाळ) भर उजेडातही मिटलेला, झोआ (मऊ प्रवाळ) अर्धे बंद. मासे, म्हणजे क्लाऊनची जोडी आणि गोबी, मात्र ठणठणीत, खायला टाकलं की तुटून पडतात. पॅरामीटर सगळे नॉर्मल आहेत. पाणी आरओचंच. दुकानदार म्हणतो आयोडीन टाका. टाकू का? आज रात्रीच काहीतरी करायचंय.

गुरुत्व_१०२६
"सगळे नॉर्मल" म्हणजे किती? क्षारता (खारटपणा) किती आणि कशाने मोजली, अल्कलिनिटी (अल्क, प्रवाळाला सांगाड्यासाठी लागणारं कार्बोनेट), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट, पहाटेचं आणि दुपारचं तापमान, टँक किती लिटरचा, कधी लावला. आयोडीन तूर्तास बाटलीतच राहू द्या. मोजता येत नाही ते टाकू नये.

निळी बत्ती
लाइट कुठला? किती उंचीवर? टॉर्चला १०० ते १५० पार (प्रवाळाला मिळणाऱ्या उजेडाचं माप) पुरे होतो. इथे लोक एसपीएसचे (जास्त उजेड मागणाऱ्या प्रवाळांचे) दिवे शंभर टक्क्यांवर चालवतात आणि मग मिटला म्हणून रडतात. पांढरा चॅनल २० टक्क्यांवर आणा, दिवा दहा सेंटीमीटर वर घ्या, आठवडाभर थांबा.

शुभंकर
टँक घराच्या कुठल्या दिशेला आहे? ईशान्येला नसेल तर आधी तो हलवा. आणि एक काळा मासा हवाच.

घामाघूम
३ बाय दीड बाय दीड फूट, खाली संप (फिल्टरची टाकी). गणपतीनंतर लावला. एसजी (विशिष्ट घनता, तिच्यावरून खारटपणा) १.०२५, अमोनिया ०, नायट्रेट ५, पीएच ८.१. तापमान २७, दुपारी २८. बाकी किट नाहीत. दिवा लावल्यापासून तोच आहे, तेवढ्यावरच आहे. टँक हलवता येणार नाही, भरलेला आहे! आता सांगा.

चुनाडबी
अल्कलिनिटीचं किटच नाही आणि टॉर्च ठेवलाय, धन्य आहे. दगडी प्रवाळ रोज सांगाडा बांधतं, अल्क आणि कॅल्शियम दोन्ही खेचतं. अल्क ६ डीकेएचच्या (अल्कचं एकक) खाली गेली असणार. माझं ऐका, चुन्याची निवळी सुरू करा. लिटरला दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ढवळा, रात्रभर बसू द्या, वरचं नितळ पाणी रोजच्या टॉप-अपला (उडालेल्या पाण्याच्या भरपाईला) थेंब थेंब, शक्यतो रात्री. अल्क आणि कॅल्शियम हव्या त्या प्रमाणात एकत्रच जातं. महागड्या बाटल्या कशाला?

गुरुत्व_१०२६
निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. न मोजता ती सुरू करायला सांगणं धोक्याचं आहे. आणि लोक पानाचा चुना घेऊन येतात, त्यात पाणी किती नि काय काय मिसळलंय ते वेष्टनावरही नसतं. आधी अल्कचं किट आणा. कमी निघालीच तर खायचा सोडा पुरतो: तुमच्या साधारण १७० लिटर निव्वळ पाण्याला १ डीकेएच वाढवायला ५ ग्रॅम, आरओ पाण्यात विरघळवून, दिवसाला एवढंच. सोडा म्हणजे सोडा, बेकिंग पावडर नव्हे.

पण मुख्य मुद्दा वेगळाय. अल्क ६ झाली म्हणून टर्बो उलटत नाही, आणि दिवा जास्त झाला म्हणून तर नाहीच. मासे ठीक आणि बिनकण्याचे सगळे आजारी, हा विषबाधेचा ओळखीचा नमुना आहे. टँकमध्ये पांढऱ्या डागांचं औषध टाकलं होतं का? घरात पेस्ट कंट्रोल? चिलर आहे का, असल्यास आतली कॉइल कसली? संपमध्ये पितळी कॉक?

निळी बत्ती
मी टॉर्चबद्दल बोललो, गोगलगाईबद्दल नाही. पार मोजला का, हे अजून कोणी विचारलं नाही.

घामाघूम
औषध नाही. पेस्ट कंट्रोल दिवाळीत झालं. चिलर नाही, परवडत नाही, दोन पंखे पाण्यावर लावलेत. पितळ काही नाही, सगळं पीव्हीसी. डासांची लिक्विड मशीन असते हॉलमध्ये, तिने होतं का?

गुरुत्व_१०२६
त्या मशीनमध्ये पायरेथ्रॉइड असतं, कोळंबीवर्गाला घातक. पण ते माशांनाही बाधतं आणि गोगलगाईंना फारसं नाही, इथे उलट झालंय. टँकच्या खोलीत लावू नका, तरी इथलं कारण ते वाटत नाही.

एसजी कशाने? रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आरओ पाण्यावर शून्याला लावला असेल तर ३५ पीपीटीला (हजारी ३५ भाग मीठ) तो सरळ चुकू शकतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३६.५ ग्रॅम साधं मीठ, त्यात ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी, म्हणजे १.०२६४ दाखवायला हवं. न दाखवल्यास स्क्रू फिरवून तिथे आणा.

पाणीदार
सगळे टँकच्या आत बघताहेत. रोज टॉप-अप किती लिटर आणि ते पाणी नेमकं कुठून? "आरओचं" म्हणजे आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढणारं) की किचनमधला प्युरिफायर?

घामाघूम
प्युरिफायरचं. रोज चारेक लिटर, उन्हाळ्यात पंख्यांमुळे जरा जास्त. टीडीएस (विरघळलेले क्षार) ६५. आम्ही तेच पितो, त्यामुळे पाण्यात काही नसणार. आणि पाणी बदलतानाही तेच. कृपया मूळ प्रश्नाकडे या.

पाणीदार
मूळ प्रश्न हाच आहे. चांगल्या मेंब्रेनमधून सहसा ६५ टीडीएस येत नाही. तो मागाहून मिसळलेला असतो, टीडीएस व्हॉल्व्हमधून कच्चं पाणी किंवा मिनरल कार्ट्रिज. पुढचं झाकण उघडा. वर तांब्याचा कार्ट्रिज आहे का? हल्ली बऱ्याच मॉडेलांवर "कॉपर" लिहिलेलं असतं.

घामाघूम
हो, तांब्याचा आहे. आईला तांब्याच्या भांड्यातलं पाणी हवं असतं म्हणून मुद्दाम तोच घेतला होता. माणसाला चालतं ते माशाला का चालणार नाही?

पाणीदार
माशाला चालतंच आहे, मरताहेत त्या गोगलगाई. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. समुद्री जीवांसाठी अमेरिकेच्या ईपीएची तीव्र मर्यादा (थोड्या वेळाच्या संपर्कासाठी) आहे लिटरला ४.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅमचा साधारण दहावा हिस्सा. माशांवरचे परजीवी मारायला लोक मुद्दाम ०.१५ ते ०.२० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आयनिक तांबं ठेवतात, त्यात क्लाऊन तग धरतो. टर्बो, श्रिम्प, प्रवाळ नाही.

आता हिशोब. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, त्यात आलेलं सगळं मागे राहतं. रोज ४ लिटर म्हणजे महिन्याला १२०. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम धरलं तर महिन्याला ६ मिलिग्रॅम तांबं १७० लिटरमध्ये, म्हणजे ३५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडं काढतो, खडक आणि वाळू बरंचसं धरून ठेवतात, पण दर महिन्याला नवी भर आहेच. पंखे लावल्यावर बिघडलं असेल तर कोडं सुटलं.

टीडीएस मीटरला हे दिसत नाही. ६५ मधला ०.०५ कोण शोधणार?

चुनाडबी
तांबं तांबं करून घाबरवू नका. साध्या किटने मोजा, शून्य येईल. आणि निवळी केली असती तर हा प्रश्नच आला नसता, चुन्याच्या पाण्यात जड धातू तळाशी बसतात.

पाणीदार
किटवर शून्यानंतरची पहिली खूणच बऱ्याचदा ०.२५ पीपीएमची असते. तिथे "शून्य" म्हणजे काहीच कळलं नाही. टँकचं पाणी साध्या लॅबमध्येही देऊ नका, मिठाने त्यांचं यंत्र गोंधळतं. प्युरिफायरचं गोडं पाणी द्या, तांबं तपासा म्हणावं. कुठलीही एनएबीएल मान्यतेची पाणी-लॅब करून देते.

गुरुत्व_१०२६
चुनाडबींच्या शेवटच्या वाक्यात, चुन्याबद्दल, तथ्य आहे. त्या पीएचला तांबं बरंचसं गाळात जातं, म्हणून तळाचा पांढरा थर टँकमध्ये जाऊ द्यायचा नसतो. पण आधीच टँकमध्ये उतरलेल्या तांब्यावर तो उपाय नाही.

मालवणी खाजं
एवढी उठाठेव कशाला? समुद्राचं पाणी आणा की कॅन भरून. मालवणला खडकही मिळेल, प्रवाळासकट.

गुरुत्व_१०२६
अवांतर, पण गंभीर. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडा उचलणंही गुन्हा. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरचं पाणी म्हणजे सांडपाणी आणि पावसाळ्यात निम्मं गोडं. घामाघूम, टॉर्चची पावती आणि आयातीचे कागद जपून ठेवा.

घामाघूम
बरं, समजा तांबं आहे. आज रात्री काय करू? एका वाक्यात सांगा.

पाणीदार
एका वाक्यात: प्युरिफायरचं पाणी टँकमध्ये बंद. आता बाकीचं.

प्युरिफायर फेकू नका. मेंब्रेनमधून निघणारी पाव इंची नळी शोधा, टीडीएस व्हॉल्व्ह, मिनरल आणि तांबं या सगळ्यांच्या आधी तिला टी आणि छोटा कॉक लावा. आईचं पाणी पुढे जसं जातंय तसं जाऊ द्या. टीमधून येणारं पाणी मिक्स्ड बेड डीआय रेझिनच्या हाउसिंगमधून घ्या, खालून वर. बाहेर टीडीएस ० हवा, १ दिसला की रेझिन बदला. प्युरिफायरला येणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती आहे? महापालिकेचं १०० असेल तर रेझिन बरंच टिकतं, टँकर किंवा बोअरचं ८०० असेल तर पटापट संपेल.

तोवर टॉप-अपला दुकानातलं डिस्टिल्ड पाणी. बॅटरीचं घेतलंत तर सीलबंद डिमिनरलाइज्ड, ॲसिड मिसळलेलं नव्हे, आणि तेही मीटर लावून.

पाणी बदला २५ टक्के, म्हणजे सुमारे ४० लिटर, साधारण दीड किलो रीफ सॉल्ट. पंप लावून रात्रभर फिरवा, १.०२६ आणि तापमान जुळलं की घाला. दोन-तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा. चौथ्यानंतर पाण्यातलं मूळचं ३२ टक्केच उरतं. मात्र खडक धरलेलं हळूहळू सोडतो, म्हणून संपमध्ये जिथे पाणी जोरात वाहतं तिथे क्युप्रिसॉर्ब किंवा पॉली फिल्टर (दोन्ही तांबं शोषतात). पॉली फिल्टर निळसर झाला तर पुरावाही हातात आला. नुसत्या कार्बनवर विसंबू नका.

निळी बत्ती
आणि या काळात दिवा कमी ठेवा, आजारी प्रवाळाला पूर्ण उजेड झेपत नाही. एवढं तरी माना.

गुरुत्व_१०२६
मान्य. टॉर्चला हात लावू नका, डिप (औषधी पाण्यात बुडवणं) नको, जागा बदलू नका. मेलेल्या गोगलगाई लगेच काढा, एक टर्बो कुजली तरी अमोनिया दिसतो.

घामाघूम
झाकण उघडून मेंब्रेननंतरच्या नळीवर मीटर लावला: १४. पुढच्या नळावर ६५. टी ऑनलाइन मागवलाय, उद्या येतो. टॉर्च अजून तसाच. खडक टाकून द्यायचे का? आणि टॉप-अपचा ड्रम तोच वापरू?

पाणीदार
खडक टाकू नका, इतक्या कमी मात्रेला गरज नाही. औषधाने पूर्ण भिजलेला खडक असता तर वेगळं सांगितलं असतं. ड्रम आतून व्हिनेगरने पुसा, डीआय पाण्याने दोनदा विसळा. पॉली फिल्टरचा रंग बदलायचा थांबेपर्यंत नवा श्रिम्प आणू नका. त्यानंतर आधी एकच टर्बो, दहा-पंधरा दिवस. ती काचेवर चढून चरत राहिली तर बाकीचं.

आणि अल्कचं किट. ते अजून आलेलं नाही.

शुभंकर
दिशा सांगितलीच नाही.