बंधित निधी आणि वाडीचा रस्ता

‘ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे पडून असताना सरपंच रस्ता करत नाहीत’ हा नेहमीचा आक्षेप मला अर्धाच पटतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतींना मिळालेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी व निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी राखलेली होती. रस्त्यासाठी उरत होता तो ४० टक्के अबंधित हिस्सा, आणि त्यावर अंगणवाडीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळ्यांचाच डोळा असायचा. आमच्या वाडीत त्यामुळेच गटार नवेकोरे झाले आणि काठचा रस्ता खडी उघडी पडलेलाच राहिला. अर्थात रस्ता ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घेतलाच नव्हता की घेऊन रखडला, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येते. आमचा घेतलेलाच नव्हता, कारण आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेला (मी धरून) वाडीतले कोणीच गेले नव्हते.