गिनीपिग वगैरे काही नाही हो

वर कुणीतरी लिहिलंय की मेडिकल रिसर्चच्या ट्रायलमध्ये नाव दिलं म्हणजे आपण गिनीपिग, तर तसं नाहीये. एकतर प्रत्येक रिसर्चमध्ये नवं औषध असतंच असं नाही, कित्येकदा नुसतं रक्त देऊन प्रश्नावली भरायची असते. मला संधिवात आहे, मी दोन्ही केलंय. डबल ब्लाइंड ट्रायल असेल तर आपल्याला खरी गोळी मिळतेय का प्लासिबो (म्हणजे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) हे तिथल्या डॉक्टरलाही माहीत नसतं, पण माझी नेहमीची औषधं चालूच होती, तुम्ही मात्र हे सहीच्या आधी विचारून घ्या. आणि मधूनच सोडता येतं, १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातच (माणसांवरच्या मेडिकल रिसर्चसाठी डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने घालून दिलेली तत्त्वं) आहे ते. मला जड काय गेलं तर सुई-बिई नाही, सकाळी सांधे आखडलेले असताना आठ वाजता पोचणं!! शेवटी कोऑर्डिनेटरच्या मागे लागून दुपारची वेळ करून घेतली.