लग्नावरचं ग्रीन कार्ड: ‘तुमचं तरी येतंय’ म्हणणाऱ्यांना

वऱ्हाडी ठसका

‘तारीख पे तारीख’ यांची कालची पोस्ट वाचली आणि डोकं उठलं, म्हणून हा धागा. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: लग्नावर ग्रीन कार्ड मिळवणाऱ्यांनी उशिराबद्दल रडू नये. आम्ही ईबी-२वाले, म्हणजे नोकरीवर ग्रीन कार्ड मागणारे, वर्षानुवर्षं उन्हात उभे, आणि तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता, वर गाडी उशिरा सुटली म्हणून कंडक्टरशी भांडता.

रुमाल! बरं.

तुमची अडचण कोट्याची आहे. रोजगाराची वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि भारतातून अर्ज किती ते काय सांगायचं. वाईट आहेच. पण नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला कोटाच नाही. फी भरलेली, बोटांचे ठसे दिलेले, पोलिसांचा दाखला जोडलेला. तुम्हाला द्यायला कार्ड नाही म्हणून थांबवतात, आम्हाला कार्ड असूनही थांबवतात. हे दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

त्यात आमचं कार्ड दोन वर्षांचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं की ते कच्चं, ही १९८६च्या कायद्याची कृपा, खोटी लग्नं पकडण्यासाठी. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्ड पक्कं करण्याचा अर्ज) भरा, पुन्हा एकदा जोडीचा टॅक्स, भाडेकरार, बँक, फोटो, मित्रांची प्रतिज्ञापत्रं. मग बसा. कार्ड संपतं आणि हातात येतं एक पत्र: हे संपलेलं कार्ड आणि हा कागद मिळून अजून ४८ महिने चालेल. २०२३च्या जानेवारीआधी ते २४ महिने होतं. म्हणजे काम वेगानं करायचं सोडून पत्राची मुदत वाढवली.

हा कागद घेऊन मुंबई विमानतळावर रात्री दोन वाजता उभं राहून बघा. काउंटरवरची मुलगी कार्डावरची तारीख बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा तारीख बघते. ‘मॅम, हे एक्स्पायर्ड आहे.’ मी पत्र पुढे करते. ती सुपरवायझरला बोलावते, तो कुणाला तरी फोन लावतो. मागे रांगेत एक आजोबा मोठ्यानं, ‘कागदपत्रं नसतील तर येतात कशाला!’ नवरा तिकडे मिशिगनमध्ये फोन कानाला लावून. आणि म्हणे रुमाल.

तारीख पे तारीख

माझ्या नावानं धागा, धन्य झालो.

ताई, पत्र मिळतं ना? नोकरी चालू, प्रवास चालू, आणि नागरिकाशी संसार असेल तर पाचाऐवजी तीन वर्षांत सिटिझनशिपचा अर्जही. मला यातलं एक सांगा जे तुम्हाला खरंच मिळत नाही. विमानतळावर अर्धा तास? माझी मुलगी तीन वर्षांची असताना इथे आली. आता कॉलेजात आहे. २१ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर, आणि तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागणार, ज्या गावात ती बालवाडीत गेली त्याच गावात राहण्यासाठी. हे रात्री दोनला नाही, रोज डोक्यात असतं.

आणि खोट्या लग्नांचं उगाच हसण्यावारी नेऊ नका. न्यू जर्सीत, आपल्या लोकांच्या एडिसनमध्ये राहतो मी. कोण कोणाशी कशासाठी लग्न करतं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बोलत नाही कुणी.

गोदाकाठ

दोघांचं चालू द्या. मी नाशिकमध्ये बसून वाचते आहे, कारण माझी रांग तुम्हा दोघांच्याही हिशेबात नाही. नवरा ग्रीन कार्डवर, शिकागोला. नागरिक नाही. म्हणून आम्ही एफ२ए, ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांची रांग, म्हणजे लग्नही आणि कोटाही.

२०१९च्या जुलैपासून एफ२ए ‘करंट’ होतं, म्हणजे कोट्यासाठी थांबायची गरज नव्हती. सगळे म्हणाले, लगेच होईल. मग २०२०च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं आमच्यासारख्यांना दार बंद, ते उघडलं २०२१च्या फेब्रुवारीत. नागरिकांच्या बायकांना त्यात सूट होती, आम्हाला नव्हती. २०२३च्या एप्रिलमध्ये पुन्हा तारीख लागली, म्हणजे त्या तारखेआधी अर्ज केलेल्यांनाच कार्ड. टुरिस्ट व्हिसा मागितला तर खिडकीतला माणूस म्हणाला, नवरा तिकडे आहे, तुम्ही परत येणार नाही. बरोबरच आहे त्याचं, कशाला येईन?

तारीखदादा, तुम्ही एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) होतात तेव्हा लग्न करून वहिनींना एच-४वर (त्याच व्हिसावाल्याच्या बायकोच्या व्हिसावर) घेऊन गेलात ना? माझ्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड आमच्या लग्नाआधी आलं, हा आमचा गुन्हा. कार्ड यायच्या आधी लग्न उरकलं असतं तर त्याच्याच अर्जावर मीही गेले असते. तात्पुरत्या माणसाची बायको लगेच जाते, कायमच्या माणसाची थांबते. सासूबाईंनी हौसेनं गोडा मसाला करून डबा भरून ठेवला होता, त्याला जाळी धरली, टाकून दिला. शेजारच्या काकू आता थेट विचारतात, ‘तिकडे दुसरी नाही ना गं?’

तारीख पे तारीख

एफ२ए वेगळं. ते माझ्या पोस्टमध्ये नव्हतं. तुम्हाला माफ. नागरिकांच्या बायकांना नाही.

वऱ्हाडी ठसका

माफ! कोण तुम्ही, यूएससीआयएसचे, अमेरिकेच्या इमिग्रेशन ऑफिसचे, डायरेक्टर?

प्रभात रोड

सगळं वाचलं. एक साधा प्रश्न. बोलावलं होतं का कुणी? दुसऱ्याच्या घरी जायचं आणि दार उशिरा उघडलं म्हणून बेल वाजवत बसायचं. आपल्याकडे काय कमी आहे? परत या, पुण्यात नोकऱ्या आहेत, शाळा आहेत, आईवडील आहेत.

कोथरूडची जर्मन सून (चा नवरा)

काका, आपल्याकडचं दार किती वेळात उघडतं ते मी सांगतो. लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परदेशी जोडीदाराला ओसीआयचा (भारतात कायम येण्या-राहण्याच्या कार्डाचा) अर्जच करता येत नाही. तोवर एंट्री व्हिसा, आणि त्यावर नोकरी चालत नाही. बायको इंजिनिअर, घरी बसून माझ्या आईकडून पुरणपोळी शिकली. छान झाली, पण तो तिचा प्लॅन नव्हता. नागरिकत्व हवं तर सात वर्षं राहा. आणि ते जुनं नागरिकत्व सोडून, कारण दोन पासपोर्ट आपल्याला चालत नाहीत. बेल आपल्याकडेही वाजवावी लागते.

प्रभात रोड

आपल्या देशाला सुरक्षेचा विचार करावा लागतो.

कोथरूडची जर्मन सून (चा नवरा)

आणि अमेरिकेला नाही. बरोबर.

खवट काकू

मूळ दुखणं कुणी बोलतच नाहीये. अर्ध्या फाइली अडकतात त्या नावांमुळे! माझ्या भाचीचं बघा. जन्मदाखल्यावर नावच नाही, नुसतं ‘स्त्री’. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि ग्रामसेवकानं तेच दाखल्यावर चढवलं. पासपोर्ट माहेरच्या नावाचा. तिकडचा अधिकारी विचारतो, या तिघी कोण? पत्र आलं, पुरावा द्या. पुरावा द्यायला दोन वयस्कर नातेवाईक शोधा, जन्म आठवतो असं लिहून द्या. इथे कायद्यानं कुणी नाव बदलायला सांगितलेलं नाही, तरी आपण बदलतो आणि मग अमेरिकेला शिव्या घालतो.

सातारी कंदी

काकू, प्रथा आहे ती. हौसेनं बदलतात मुली. प्रत्येक गोष्टीत स्त्रीमुक्ती नको.

खवट काकू

हौस? कुणाची? नवऱ्याचं नाव कधी बदललं हौसेनं? माझं पहिलं नावसुद्धा बदललं होतं १९७८ साली. आई वारली तेव्हा बँकेत तिची वारस मीच आहे हे सिद्ध करायला गॅझेट काढावं लागलं. हौस म्हणे.

सातारी कंदी

तुमचा अनुभव वाईट म्हणून सगळी प्रथा वाईट होत नाही. माझ्या बायकोनं स्वतःहून बदललं, विचारा तिला.

खवट काकू

द्या फोन तिच्याकडे. आता विचारते.

वऱ्हाडी ठसका

अवांतर होतंय, पण काकूंना +१. मी नाव बदललं नाही. सासरी पहिलं वर्षभर तो विषय होता. फाइलमध्ये मात्र एकदाही प्रश्न आला नाही.

कागदी घोडा

गेली बरीच वर्षं ओळखीपाळखीत लोकांचे फॉर्म भरून देतो (वकील नाही, हलकेच घ्या). नावांमुळे पुरावा मागणारं पत्र येतं हे खरं, पण अर्ध्या फाइली वगैरे काकूंचा उत्साह आहे. आय-१३०मध्ये (नातेवाइकाला बोलावण्याच्या अर्जात) वापरलेल्या इतर नावांसाठी जागा असते. तिथे सगळी नावं लिहा, तांदळातलंसुद्धा. लोक ती जागा रिकामी सोडतात आणि नंतर धावपळ करतात.

जाता जाता, महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव आता स्वतःचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव. चार शब्द. वीस-पंचवीस वर्षांनी ही पोरं तिकडचे फॉर्म भरतील तेव्हा मी नसेन, एवढंच समाधान.

सातारी कंदी

आईचं नाव घालायचं ते चालतं, बायकोनं नवऱ्याचं घातलं की गुलामी!

खवट काकू

हो.

तारीख पे तारीख

मूळ मुद्द्यावर येऊ का? वऱ्हाडीताईंचं म्हणणं, कोटा नाही तरी उशीर. पण हे इमिग्रेशनचं ऑफिस बहुतांशी अर्जदारांच्या फीवर चालतं. माणसं तीच, तास तेवढेच. तुमच्या फाइलला वेळ दिला तर दुसऱ्या कुणाची तरी मागे पडते. २०२१च्या वर्षात काय झालं आठवतंय? २०२०मध्ये कॉन्सुलेट बंद, कुटुंबाच्या कोट्यातली कार्डं उरली, ती नियमानं पुढच्या वर्षी रोजगाराकडे आली. एरवी १,४०,०००, त्या वर्षी २,६२,०००. आयुष्यात एकदा येणारी संधी. आणि साठ हजारांहून जास्त कार्डं ३० सप्टेंबरला, तिथलं सरकारी वर्ष संपलं तेव्हा, वाया गेली. वेळेत फाइली हातावेगळ्या केल्या नाहीत म्हणून. माझी तारीख त्यात होती. मेडिकल करून, लिफाफा सीलबंद ठेवून बसलो होतो.

गोदाकाठ

‘उरली’ म्हणजे आमची उरली होती. आम्हाला येऊ दिलं नाही म्हणून.

वऱ्हाडी ठसका

आणि ‘फाइली हातावेगळ्या केल्या नाहीत’ हे कोण म्हणतंय? कार्ड शिल्लक होतं, फाइल बघायला माणूस नव्हता! मी वर दुसरं काय लिहिलंय?

तारीख पे तारीख

दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

वऱ्हाडी ठसका

वेगळ्या कशा ते सांगा. वाट बघते. सवय आहे.

तारीख पे तारीख

ठीक आहे. ऑफिस नालायक आहे, यावर एकमत. अभिनंदन, आपण दोघं मिळून जगातला सर्वांत निरुपयोगी करार केला. तरी माझं म्हणणं तेच: तुमच्या प्रवासाला शेवट आहे, माझ्या नाही.

कागदी घोडा

शेवट सगळ्यांच्याच प्रवासाला असतो असंही नाही. २०२४च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं मुन्योझ खटल्यात सांगितलं की जोडीदाराला देशात आणता यावं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. कॉन्सुलेटनं नाही म्हटलं तर त्याविरुद्ध कोर्टात फारसं काही चालत नाही. ती मुन्योझबाई स्वतः अमेरिकन वकील होती. उशिरावर मात्र कोर्टात जाता येतं, मँडॅमस म्हणतात त्याला. कोर्ट कार्ड देत नाही, फार तर ‘काय तो निर्णय घ्या’ म्हणतं. बऱ्याचदा नुसता दावा दाखल झाला तरी फाइल सापडते. वकिलाची फी मात्र वेगळी.

वऱ्हाडी ठसका

म्हणजे फाइल बघण्यासाठी ७५० डॉलर, आणि ती खरंच बघण्यासाठी वकिलाला वेगळे. हे नवऱ्याला सांगितलं, तो म्हणतो अजून थोडं थांबू. त्याला काय जातंय, काउंटरवर मी उभी असते.

प्रभात रोड

म्हणून म्हणतो, परत या.

कोथरूडची जर्मन सून (चा नवरा)

काका, तुमचा मुलगा अमेरिकेत, सॅन होजेला असतो ना?

प्रभात रोड

त्याचा इथे संबंध नाही.

गोदाकाठ

कागदी घोडा, एक विचारते. माझ्याही दाखल्यावर सासरचं नवं नाव आहे आणि पासपोर्ट माहेरचा. मुलाखतीची तारीख यायच्या आत पासपोर्ट बदलून घेऊ का?

कागदी घोडा

चालू फाइलमध्ये पासपोर्ट बदलू नका, नाहीतर आय-१३०वर एक नाव आणि हातात दुसरं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि एकदा खऱ्या वकिलाला विचारा, माझ्यावर विसंबू नका.

सातारी कंदी

बदला खुशाल, सासरचं नाव आहे, लाजायचं काय त्यात!

खवट काकू

आला परत. तुझ्या बायकोचा फोन अजून आला नाही मला.