शब्दचर्चा: 'जागृत' देवस्थान

प्रश्न: आमच्या कोल्हापुरात 'अंबाबाई जागृत आहे', 'जोतिबाचं ठाणं जागृत आहे' असं सर्रास म्हणतात. जागृत म्हणजे जागा. मग बाकीचे देव झोपलेत का? आणि त्याऐवजी 'स्वयंभू' म्हटलं तर चालेल?

उत्तर: नाही चालणार. स्वयंभू म्हणजे कुणी न घडवलेली, आपोआप प्रकटलेली मूर्ती. जागृत हा भक्तांचा अनुभव: नवसाला पावणारा, हाकेला धावणारा आणि हयगय झाली तर खडसावणारा देव. गावाकडे त्यालाच 'कडक देव' म्हणतात. संस्कृत व्याकरणानं 'जागरित' हवं, पण मराठीत 'जागृत' इतकं रुळलंय की त्याला अशुद्ध ठरवणं मला अजिबात पटत नाही.

झोपेचं म्हणाल, तर देवाला आपण रोज झोपवतोच की. रात्री शेजारती, पहाटे काकड आरती. नवरात्रात अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, जागर होतो. जागर, जागरण, जागृत हे सगळे एकाच धातूचे. मला तरी वाटतं, या शब्दात देवाइतकीच त्याच्यासाठी जागणारी माणसंही आहेत.

आणखी एक उत्तर: जागृत नेमकं काय, मूर्ती की जागा? परचक्राच्या भीतीनं अंबाबाईची मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवली होती. १७१५ मध्ये ती पुन्हा देवळात बसवली. मधल्या काळात देवी त्या घरातच होती. आजही मूर्तीच्या दुरुस्तीआधी तिच्यातलं देवत्व मंत्रांनी कलशात घेतात, काम झालं की परत मूर्तीत. या विधीला 'कलाकर्षण' म्हणतात. तेवढे दिवस पूजा कलशाची.

पण जागेचं मोलही कमी नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात: आधी चरण, मग कंबर, मग मुख. 'ऊन आत आलं' असं तिथं कुणी म्हणत नाही. सूर्यानं देवीला अभिषेक केला म्हणतात, आणि वाटेत इमारतीचा अडथळा आला तर शहर हळहळतं. मूर्ती नेता येते. ही दिशा कशी नेणार?

प्रश्न: पटलं. मग 'जागृत ग्राहक' हे बरोबर का?

उत्तर: तिथं 'जागरूक' बरं. 'जागृत'ला नवसाचा वास आहे, तो दुकानात कशाला?